वकिली थाटताना : पाटी, फी आणि पक्षकाराचे पैसे

गेल्या काही महिन्यांत तरुण वकील वाचकांची जी पत्रं आली, त्यांतले कायद्याचे प्रश्न बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीचे सगळे व्यवहाराचे, आणि तेही दबक्या आवाजात विचारलेले. वकिलीला ‘धंदा’ म्हणायचं नाही, असा आपल्याकडे संकेत आहे ना! सिनियरकडून कधी निघू? फी किती सांगू? पक्षकार पैसे बुडवतोय, फाईल अडवून ठेवली तर चालेल का? फेसबुकवर ऑफिसचा फोटो टाकला तर बार कौन्सिलची नोटीस येईल का? जीएसटी भरावा लागतो का?

हा लेख तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टात एकट्याने किंवा एखाद्या मित्राबरोबर ऑफिस उघडू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. छोटी वकिली कामं नसल्यामुळे क्वचित बुडते. ती बुडते न लिहिलेल्या गोष्टींमुळे. तारीख लिहिली नाही, पैसे कशाचे घेतले ते लिहिलं नाही, पक्षकार काय म्हणाला ते लिहिलं नाही. पुढचे बरेचसे सल्ले याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सनदेचं आधी नीट बघा

नोंदणीच्या फीबद्दल अजूनही गोंधळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केलं, की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१च्या कलम २४ मध्ये लिहिली आहे तेवढीच फी घेता येते. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्यावर वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये मागण्याला आधार नाही.

- नोंदणी झाल्यावर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. ‘कामाच्या गडबडीत राहून गेली’ ही सबब चालत नाही.
- पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही. नोकरी धरलीत, तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्या.
- वडिलांचं किराणा दुकान किंवा मंगल कार्यालय वारशाने तुमच्याकडे आलं असेल, तर ते सोडावं लागत नाही. मात्र त्याचा कारभार तुम्ही स्वतः पाहायचा नाही. गल्ल्यावर बसलेला वकील हा तक्रारदाराला आयता मिळालेला फोटो असतो.
- लॉ कॉलेजात शिकवता येतं, पण दिवसाला तीन तासांपर्यंतच.

सिनियरकडून कधी निघायचं

वर्षं मोजू नका. काहीजण दोन वर्षांत तयार होतात, काहीजण आठ वर्षांनीही फक्त तारखा घेत असतात. त्यापेक्षा स्वतःला हे विचारा:

- तुम्ही एकट्याने लिहिलेला दावा कोर्टाच्या ऑफिसने हरकत न काढता नंबरावर घेतला आहे का?
- निशाणी ५च्या मनाई अर्जावर तुम्ही स्वतः युक्तिवाद केला आहे का?
- एका तरी साक्षीदाराचा उलटतपास सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे का?
- नाझर, बेलिफ, नक्कल विभाग आणि दुय्यम निबंधक यांच्याकडची कामं सिनियरच्या कारकुनाशिवाय करता येतात का?
- सहा महिने एक रुपया आला नाही, तरी घरखर्च आणि भाडं निघेल एवढे पैसे बाजूला आहेत का?

शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर असेल, तर बाकीची चार ‘हो’ उत्तरं असूनही थांबा. पैशाची निकड असलेला वकील नको ती कामं घेतो, आणि नको त्या फीत घेतो.

सिनियरकडच्या मानधनाबद्दलही काहींनी विचारलं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये देण्याची शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या गावात खुद्द सिनियरच्या हाती महिनाअखेर किती उरतं, हे तुम्ही पाहिलेलंच असेल. तरी मागायला संकोच करू नका. पैसे जमत नसतील, तर निदान तुमच्या नावाने वकीलपत्रावर सही आणि कोर्टात उभं राहण्याची संधी मागून घ्या.

न्यायाधीशाच्या परीक्षेचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात आणि दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची सहीही लागते. म्हणून कुठल्या कोर्टात, कुठल्या कामात, कधी हजर राहिलात याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

निघताना सिनियरच्या फायली बरोबर नेऊ नका. पक्षकार तुमच्या मागे येऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. पण ज्या कामात सिनियरचं वकीलपत्र आहे, तिथे त्यांच्या संमतीशिवाय तुम्हाला हजर राहता येत नाही. ती संमती, म्हणजे आपल्या भाषेत एनओसी, मिळत नसेल, तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्याच बाररूममध्ये पुढची तीस वर्षं बसायचं आहे, हे लक्षात ठेवून निघा.

ऑफिस : जागेपेक्षा कपाट महत्त्वाचं

नव्या वकिलाची पहिली चूक म्हणजे कोर्टासमोरचा महाग गाळा. पक्षकार पाटी वाचून येत नाही. तो मेव्हण्याने सांगितलं म्हणून येतो, आणि मेव्हण्याने सांगितलेला वकील गल्लीच्या टोकाला असला तरी शोधून काढतो. माझी पहिली चार वर्षं एका टायपिस्टाच्या खोलीत अर्ध्या भाड्यावर गेली. मध्ये पडदा होता. पडद्यापलीकडे टाईपरायटर वाजायचा, म्हणून इकडचं बोलणं बाहेर ऐकू जायचं नाही. त्या वेळी ती गैरसोय वाटायची. पुढे लक्षात आलं, की गोपनीयतेची एवढी चांगली सोय नंतरच्या ऑफिसातही नव्हती.

म्हणून जागा बघताना आधी हे बघा, की बाहेर बसलेल्या माणसाला आतलं ऐकू येतं का. घटस्फोटासाठी आलेली बाई आणि शेजारच्या गावचा सरपंच एकाच बाकावर बसून एकमेकांची प्रकरणं ऐकत असतील, तर दोघंही पुन्हा येणार नाहीत.

सुरुवातीला लागतं ते इतकंच: कुलूप असलेलं लोखंडी कपाट, चालू स्थितीतला प्रिंटर आणि स्कॅनर, मराठी युनिकोड टंकलेखन येणारा एक माणूस (तो तुम्ही स्वतः असलात तर उत्तम), आणि कोर्टफी, वेल्फेअर फंडाची तिकिटं, वकीलपत्राचे कोरे फॉर्म यांची एक पेटी. निकालपत्रांचे जुने चामडी खंड शोभेला छान दिसतात, पण सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआरवर फुकट मिळतात, त्यातले काही मराठीतही. मात्र संगणकाने किंवा एआयने सुचवलेला कुठलाही निवाडा मूळ प्रत उघडून वाचल्याशिवाय न्यायाधीशांपुढे ठेवू नका. नसलेले निवाडे दाखवणाऱ्या वकिलांना न्यायालयांनी झाडलं आहे.

उन्हाळ्याचा एक दिलासाही सांगून ठेवतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असं बार कौन्सिलचे नियमच सांगतात. विदर्भातल्या वाचकांना हे माहीत असेलच.

पाटी, कार्ड आणि फेसबुक

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामं मागता येत नाहीत. जाहिरात, परिपत्रक, दलाल, ओळखीशिवायच्या गाठीभेटी, आपण लढवलेल्या खटल्याच्या बातमीबरोबर छापून आणलेला स्वतःचा फोटो, सगळंच यात येतं. पाटी माफक आकाराची हवी. अमुक संघटनेचा अध्यक्ष, माजी न्यायाधीश असं तिच्यावर लिहायचं नाही.

चालतं ते असं. २००८ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ई-मेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कुठल्या राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नोंद आहे ते, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. ‘शंभर टक्के जामीन’, ‘पहिला सल्ला मोफत’, ‘जिंकलेल्या केसेस’ यातलं काहीही नाही.

फेसबुकवर काय टाकावं? कायद्याची माहिती द्या. वारस नोंदीला कुठले कागद लागतात, हुंड्याची तक्रार कुठे करायची, असं काहीही. त्याखाली ‘संपर्क साधा’ आणि मोबाईल नंबर आला, की माहितीची जाहिरात होते. पक्षकाराबरोबरचे, निकालाच्या प्रतीचे आणि कोर्टाच्या आवारातले विजयी फोटो तर अजिबात नकोत.

दलालांबद्दल कमी शब्दांत सांगतो. पोलीस ठाण्यातून, दवाखान्यातून, दुय्यम निबंधकाच्या दारातून काम आणून देणारा माणूस तुमच्याकडेही येईल आणि टक्केवारी मागेल. वकील नसलेल्या कोणाशीही फी वाटून घेणं नियमात बसत नाही. एकदा दिलीत, की तो माणूस तुमच्या ऑफिसचा अलिखित भागीदार होतो, आणि तुमचं गुपित त्याच्या खिशात जातं.

कुठली कामं घ्यायची

पहिल्या वर्षी ‘मी फक्त दिवाणी करतो’ म्हणण्याची चैन परवडत नाही. पण सगळंच अंगावर घेऊ नका. तालुक्याच्या गावात टिकाऊ काम म्हणजे वाटपाचे दावे, मनाई, पोटगी, चेक न वटण्याच्या तक्रारी, जामीन, आणि महसुली कामं. शहरातून शिकून आलेले वकील तहसील आणि प्रांत ऑफिसातल्या कामांना कमी लेखतात. रस्ता अडवल्याची, फेरफाराची, सातबारा दुरुस्तीची कामं जो नीट करतो, त्याच्याकडेच पुढे तोच शेतकरी वाटपाचा दावा घेऊन येतो.

या कामांमध्ये मुदत चुकली की प्रकरण तिथेच संपतं. म्हणून एवढ्या मुदती कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा:

- चेक न वटल्याची तक्रार (कलम १३८): बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस वाट पाहणं, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. पक्षकार विसाव्या दिवशी चेक घेऊन आला, तर नोटीस त्याच संध्याकाळी लिहा.
- मामलेदार कोर्टातला रस्त्याचा दावा: अडथळा झाल्यापासून सहा महिने.
- तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे अपील: ६० दिवस.
- मोटार अपघात नुकसानभरपाई: १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघातापासून सहा महिने.
- कैफियत: ३० दिवस, कारण दाखवून ९० दिवसांपर्यंत. ‘विनाकैफियत’ हुकूम रद्द करून घेण्यात जितका वेळ जातो, तितक्यात दोन कैफियती लिहून होतात.
- सरकारविरुद्ध दावा: आधी कलम ८०ची नोटीस आणि दोन महिने थांबणं. तातडी असेल, तर कोर्टाची परवानगी.

महिला पक्षकार असेल, तर कोर्टफी भरण्याआधी थांबा. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट यांबाबत स्त्रियांनी दाखल केलेल्या कामांना कोर्टफी माफ आहे. ही माफी माहीत नसल्यामुळे माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बाईने दागिने मोडून कोर्टफी भरल्याचं मी पाहिलेलं आहे. वकील ज्येष्ठ होते.

काम घेण्याआधी आजवर सल्ला दिलेल्यांच्या नावांची वही बघा. विरुद्ध बाजूचा माणूस कधीकाळी तुमच्याकडून त्याच वादाबद्दल सल्ला घेऊन गेला असेल, तर हे काम घेता येत नाही. लहान गावात सगळेच एकमेकांचे भाऊबंद असतात. त्यामुळे ही वही नसली, तर दोन-तीन वर्षांत तुम्ही अडकणारच.

फी : बोलायची, मग लिहायची

सर्वांत जास्त पत्रं या एका गोष्टीवर होती, म्हणून इथे जरा थांबतो.

फी ठरवताना शेजारच्या टेबलावरचा वकील किती घेतो, तिथून सुरुवात करू नका. तुमच्या महिन्याच्या खर्चापासून करा. समजा भाडं, वीज, इंटरनेट, कागद, प्रवास आणि टंकलेखन मिळून बारा हजार रुपये होतात आणि घरासाठी पंचवीस हजार हवेत. म्हणजे महिन्याला सदतीस हजार. महिन्यात तुम्ही खरोखर किती कामांची नीट तयारी करू शकता? पंधरा म्हणा. तर दर कामामागे महिन्याला साधारण अडीच हजार सुटायला हवेत. तीन वर्षं चालणाऱ्या दाव्याची ‘एकूण पंधरा हजार’ अशी फी सांगणारा वकील पहिल्या सहा महिन्यांतच तोट्यात जातो. मग तो तारखांना जाईनासा होतो, आणि गावभर नाव खराब होतं ते फी कमी घेणाऱ्याचं.

टप्प्यांनी फी ठरवा. दावा दाखल करणं, मनाई अर्ज, मुद्दे निघेपर्यंत, पुरावा, युक्तिवाद, असे टप्पे करून प्रत्येकाचा आकडा सांगा. पक्षकाराला एकदम मोठी रक्कम द्यावी लागत नाही आणि तुम्हाला दर टप्प्यावर मागायला निमित्त मिळतं.

मग एक पानाचं फीपत्र करा. मराठीत, साध्या भाषेत. त्यात हे असू द्या:

- कुठलं काम, कुठल्या कोर्टातलं. अपील यात आहे की नाही.
- प्रत्येक टप्प्याची फी आणि ती कधी द्यायची.
- कोर्टफी, नकला, समन्सचा खर्च, प्रवास हे वेगळे.
- पक्षकाराने कागद किती दिवसांत द्यायचे.
- काम मध्येच सोडलं किंवा काढून घेतलं, तर हिशेब कसा करायचा.
- दोघांच्या सह्या. अंगठा असेल, तर वाचून दाखवल्याची नोंद आणि साक्षीदार.

‘असं लिहून घेतलं तर पक्षकार बिथरतो,’ असं एका वाचकाने कळवलं आहे. माझा अनुभव उलटा आहे. शेतकऱ्याला सौदापावती नवी नाही. तोंडी आकडा सांगून नंतर वाढवणाऱ्यालाच तो बिथरतो. फी ठरवण्याचा आणि ती बुडाली तर दाव्याने वसूल करण्याचा हक्क लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अ‍ॅक्ट १९२६ ने तुम्हाला दिलेला आहेच. फीपत्र असलं, तर त्या हक्काला काही अर्थ राहतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. निकालावर अवलंबून फी, किंवा मिळणाऱ्या रकमेत टक्का. अपघात नुकसानभरपाई आणि भूसंपादनाच्या कामांत हे सर्रास चालतं, ‘सगळेच घेतात’ असं सांगितलं जातं. नियम २० त्याला सरळ मनाई करतो. भरपाई मिळाल्यावर पक्षकाराला तो टक्का जड वाटू लागतो आणि तोच तक्रार करतो. तेव्हा ‘सगळे’ तुमच्या बाजूने उभे राहत नाहीत.

पक्षकाराचे पैसे वेगळे

तुमच्या हातात येणाऱ्या पैशात दोन जाती आहेत: तुमचे आणि त्याचे. कोर्टफीसाठी, अनामतीसाठी, पोटगीसाठी आलेले पैसे तुमचे नाहीत. नियम २५ पासून पुढे बार कौन्सिलने यासाठी हिशेब ठेवण्याची सक्ती केली आहे. आलेली रक्कम फीसाठी की खर्चासाठी हे लिहायचं, आणि पक्षकाराने मागितलं की हिशेबाची प्रत द्यायची.

यूपीआय आल्यापासून हा घोळ वाढला आहे. एकाच मोबाईल नंबरवर पुतण्याच्या ट्यूशनचे पैसे, पक्षकाराची फी आणि तिसऱ्याची कोर्टफी येते. वर्षाने बँकेचं विवरणपत्र बघून कोणाचं काय ते सांगता येत नाही.

- वकिलीसाठी दुसरं खातं उघडा, क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा.
- प्रत्येक रकमेची पावती द्या. कार्बनची पावतीपुस्तिका पुरते, सॉफ्टवेअर लागत नाही.
- एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्यात त्यावर दंड आहे.
- पक्षकाराला उसने पैसे देऊ नका. नियमात बसत नाही, आणि परतही येत नाहीत.

डायरी

पुढची तारीख रोजनाम्यावरून किंवा बोर्डावरून लिहा, विरुद्ध वकिलाच्या तोंडी सांगण्यावरून नाही. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून आपली सगळी कामं एका यादीत ठेवता येतात. ती सोय वापराच, पण त्यावरची नोंद कधी कधी उशिरा चढते. कागदी डायरी आणि अ‍ॅप, दोन्ही रोज संध्याकाळी ताडून पाहा. दहा मिनिटं लागतात.

तारखेसमोर फक्त ‘पुढे’ असं लिहू नका. ‘वादीची सरतपासणी, मूळ खरेदीखत आणायला सांगितलं, आणलं नाही’ असं लिहा. आणि त्याच दिवशी पक्षकाराला तारीख व काय आणायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पुढे ‘वकिलांनी मला कळवलंच नाही’ असं तो म्हणाला, तर हाच संदेश तुमच्या कामी येतो. तडजोड करायची असेल, कबुली द्यायची असेल, साक्षीदार सोडून द्यायचा असेल, तर पक्षकाराची लेखी संमती घेतल्याशिवाय कोर्टात बोलू नका. तुमच्या अनुभवाला ती तडजोड कितीही चांगली वाटली, तरी वाद त्याचा आहे.

फाईल सोडताना

फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवता येतात का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे निकालात काढलं: थकलेल्या फीसाठी पक्षकाराच्या फायलीवर वकिलाचा ताबाहक्क नाही. कागद परत करा, मिळाल्याची सविस्तर पोच घ्या, फीसाठी वेगळी नोटीस पाठवा. एनओसी देताना बाकी फी मागायला हरकत नाही. पण एनओसी दाबून धरून पक्षकाराची तारीख बुडवली, तर चूक तुमच्या पदरात पडते.

तुम्हालाच काम सोडायचं असेल, तर पुरेसं कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना लागते. न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. पुराव्याच्या आदल्या दिवशी वकीलपत्र काढून घेण्याला ‘पुरेशी सूचना’ म्हणत नाहीत.

कर : थोडक्यात

- आयकर: वर्षाची एकूण फी ५० लाखांपर्यंत असेल (रोख रक्कम पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत), तर तिच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आहे. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडीए. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय आहे, फक्त कलमाचा आकडा वेगळा. या सोयीत सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरता येतो.
- टीडीएस: बँक किंवा कंपनी तुम्हाला वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त फी देत असेल, तर दहा टक्के कापून घेते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरून परत मागा. छोट्या वकिलांचे बरेच पैसे विवरणपत्र न भरल्यामुळे सरकारकडेच राहतात.
- जीएसटी: व्यक्तींना दिलेल्या सेवेवर जीएसटी नाही. मोठ्या उलाढालीच्या व्यावसायिक पक्षकाराला दिलेल्या सेवेवर कर आहे, पण तो पक्षकाराने स्वतः भरायचा असतो. फक्त अशीच वकिली करणाऱ्याला नोंदणीची गरज नाही.
- व्यवसाय कर: वकिलांनाही लागू आहे, वर्षाला २,५०० रुपये. हा विसरला जातो, आणि काही वर्षांनी व्याजासकट आठवतो.

तक्रार आली तर

पक्षकार ग्राहक मंचात जाईन म्हणून धमकावतो, असं दोघांनी लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. पण म्हणून निर्धास्त होऊ नका. राज्य बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते, आणि शिस्तपालन समिती ताकीद देण्यापासून सनद रद्द करण्यापर्यंत काहीही करू शकते. नोटीस आली, की मुदतीत लेखी उत्तर द्या, फीपत्र, पावत्या आणि डायरीची पानं जोडा. निकाल विरुद्ध गेला, तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील आहे.

पोलिसांनी पक्षकाराबद्दल विचारायला बोलावलं, तर घाबरून ऑफिसची फाईल घेऊन जाऊ नका. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं संरक्षण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या कलमाच्या अपवादांत बसत असेल तरच, आणि पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या नसलेल्या वरिष्ठाच्या लेखी मंजुरीनेच वकिलाला असं समन्स काढता येतं. आधी समन्स लेखी मागा. मग बार असोसिएशनला कळवा.

तुम्ही आजारी पडलात तर

हा प्रश्न एकाही पत्रात नव्हता. मला तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या टेबलावर पडलो तेव्हा आठवला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर माझी सहा कामं होती. डायरी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्या विजारीच्या खिशात, आणि विजार दवाखान्याच्या कपाटात.

एकट्याने वकिली करणाऱ्याने एक मित्र वकील ठरवून ठेवावा. पक्षकाराला सांगून प्रत्येक वकीलपत्रावर त्याचंही नाव घ्यावं, आणि त्याच्यासाठी तुम्हीही तेच करावं. डायरीचा फोटो दर शनिवारी त्याला पाठवा. कपाटाची दुसरी किल्ली आणि ई-फायलिंगचा पासवर्ड घरात कोणाला तरी माहीत असू द्या. माझ्या वेळी बायको रिक्षाने ऑफिसला गेली, शेजारच्या लोहाराकडून ड्रॉवर उघडून घेतला आणि डायरी घेऊन साडेदहाला बाररूममध्ये पोचली. सहापैकी पाच कामांत तारीख मिळाली. सहाव्यात विनाकैफियत हुकूम झाला. तो रद्द करून घ्यायला पाच महिने आणि पक्षकाराचे हजार रुपये खर्चापोटी गेले. ते हजार मी भरले, आणि हिशेबाच्या वहीत माझ्या नावावर लिहिले.